दीक्षा घ्यायची तर कुणाकडून? की घ्यायचीच नाही?

सातवामजला
रेने गेनाँ या फ्रेंच माणसाचं लेखन सध्या वाचतोय. इथे कुणी वाचलं असेल तर बोलायला आवडेल. नसेल वाचलं तरी अडत नाही, प्रश्न आपल्याच घरातला आहे.

गेनाँ १८८६ साली फ्रान्समध्ये जन्मला. १९२५ साली त्याने वेदान्तावर पुस्तक लिहिलं, पण भारतात कधी पाऊल टाकलं नाही. सूफी परंपरेत दीक्षा घेतली, १९३० साली कैरोला गेला आणि १९५१मध्ये अब्दुल वाहिद याह्या या नावाने तिथेच वारला. त्याचं म्हणणं असं की तत्त्वज्ञान वाचून माणूस आतून बदलत नाही, त्यासाठी दीक्षा लागते. ती अखंड गुरुपरंपरेतूनच यावी लागते. मधली एक कडी तुटली की पुढे नुसता समारंभ उरतो. पुस्तक वाचून दीक्षा होत नाही, स्वतःची स्वतःला देता येत नाही. शिवाय मिळालेली दीक्षा हे बी आहे, ते उगवेलच याची हमी नाही.

मला हे पटतं. गोची पुढे आहे. गोरेगावात सातव्या मजल्यावर राहणाऱ्या, सकाळी आठला घर सोडून रात्री नऊला परतणाऱ्या माणसाने ही अखंड परंपरा शोधायची कुठे? परवा सोसायटीच्या ग्रुपवर निमंत्रण आलं: ऑनलाइन शक्तिपात (म्हणजे गुरूने आपली शक्ती शिष्यात उतरवणं), रविवारी दहा ते बारा, २१०० रुपये, लवकर नोंदणी केल्यास सवलत, श्रीयंत्र कुरिअरने घरपोच. तिकडे मी जाणार नाही हे उघड आहे. पण 'तिकडे नाही' एवढ्याने भागत नाही ना. कुणी दीक्षा, अनुग्रह, माळ, काहीही घेतलं असेल तर अनुभव लिहा. घेतलं नसेल तर का नाही, तेही लिहा.

ठाणे_स्लो
सवलत किती टक्के? मित्रासाठी विचारतोय.

तर्कटबुवा
गुरूकडून शिष्याकडे जे काही जातं ते गेलं की नाही, हे ठरवायचं कसं? शिष्याला वाटलं म्हणून? मग २१०० भरून बसलेल्या बाईंनाही वाटतंच की. अंगावर काटा येतो, डोळ्यांना धार लागते. त्यांना हा गेनाँ कुठल्या तोंडाने सांगणार की बाई, तुमची नकली आणि माझी कैरोवाली असली?

सातवामजला
बुवा, तिथेच तर तो मला आवडतो. तो म्हणतो, काटा आला, उजेड दिसला, रडू आलं, यातलं काहीच पुरावा नाही. अनुभवाला कवडीची किंमत देत नाही. परंपरा खरी आहे का आणि देणाऱ्याला अधिकार आहे का, एवढंच बघा म्हणतो.

तर्कटबुवा
म्हणजे महारेराचा नोंदणी क्रमांक बघा, इमारत बघू नका. छान.

कासवछाप
पहिल्या पाच प्रतिसादांत बुवांनी विकेट काढली. चहा ठेवतो.

माळकरी
बुवा, आमच्याकडे इमारतही बघतात. वेगळ्या रीतीने.

आमचं घर लोअर परळचं. आजोबा गिरणीत, साचेखात्यात. साचा म्हणजे तिथलं सुताचं यंत्र. माळ त्यांनी पंढरपुरात आमच्या फडावर, म्हणजे आमच्या वारकरी मंडळींच्या गादीवर घेतली. विधी म्हणाल तर पाच मिनिटांचा. तुळशीची माळ ज्ञानेश्वरीवर ठेवतात, फडावरचे महाराज ती उचलून गळ्यात घालतात आणि नियम सांगतात: एकादशी, पंढरीची वारी, हरिपाठ, मांस-दारू बंद, परस्त्री मातेसमान. संपलं. कानात काही नाही, गुपित काही नाही. 'रामकृष्णहरी' काय, रस्त्यावरच्या पोरालाही येतं.

एकदा रात्रपाळीला आजोबांची माळ तुटली. मणी साच्याखाली गेले. माळ गळ्यात नसताना अन्न घ्यायचं नाही हा नेम, त्यामुळे डबा उघडला नाही. साचा थांबल्यावर गुडघ्यांवर बसून बॅटरीच्या उजेडात ग्रीस लागलेले मणी एकेक वेचले, धोतराला पुसले, तिथल्याच सुतात ओवले, गाठ मारून गळ्यात घातले आणि मग भाकरी खाल्ली. ती माळ आता माझ्याकडे आहे, मधल्या दोन मण्यांवरचा काळा डाग काही जात नाही. दीक्षा लागली की नाही हे आमच्याकडे असं बघतात. काटा आला का, हे कुणी विचारत नाही.

आता साखळीबद्दल. तुकोबांना गुरूंनी स्वप्नात उपदेश केला. माघ शुद्ध दशमी, गुरुवार. गंगास्नानाला जाताना वाटेत भेट झाली, मस्तकावर हात ठेवला, 'रामकृष्णहरी' मंत्र दिला. गुरूंनी जेवायला पावशेर तूप मागितलं आणि स्वप्नात ते द्यायचा विसर पडला, असं तुकोबांनीच लिहून ठेवलंय. मजलाराव, तुमच्या गेनाँच्या हिशोबात हे कुठे बसवायचं? हाडामांसाचा गुरू समोर नाही. कडी तुटली की जोडली?

ठाणे_स्लो
पावशेर तूप. आजच्या भावाने २१०० पेक्षा स्वस्तच पडलं.

सातवामजला
माळकरी, नेमकं जिथे दुखतं तिथेच बोट ठेवलंत. पण बघा, त्याच अभंगात तुकोबा राघवचैतन्य, केशवचैतन्य आणि बाबाजी अशी नावं देतात. 'माळिकेची खूण' सांगितली म्हणतात. स्वप्नातसुद्धा गुरू आला तो वंशावळ घेऊन आला. मला तर यात परंपरेचा आग्रहच दिसतो.

तर्कटबुवा
किंवा असं, की लोक विचारणार 'तुझा गुरू कोण', तेव्हा कुणाचं तरी नाव हवं म्हणून. वाण्याच्या पोराने अभंग लिहिले तर अधिकार विचारणारे कमी नव्हते. वह्या नदीत गेल्या त्या उगाच का?

माळकरी
बुवा, दोन्ही खरं असू शकतं. तुकोबांना अधिकार विचारणारे होते हे मान्य. पण तूप विसरल्याची गोष्ट कुणी अधिकार सिद्ध करायला लिहीत नाही.

मंत्रपुष्प
तंत्रग्रंथांनी या प्रश्नावर बराच आधी विचार केलाय. कुलार्णव तंत्राच्या चौदाव्या उल्लासात दीक्षेचे प्रकार येतात. पक्षीण पंखांच्या उबेने पिल्लं वाढवते ती स्पर्शदीक्षा. मासोळी नुसत्या नजरेने पोसते ती दृग्दीक्षा. कासवी दूर राहून केवळ ध्यानाने पोसते ती मनाने दिलेली वेधदीक्षा. देह समोर असलाच पाहिजे असा आग्रह शेवटच्या प्रकारात नाही, त्यामुळे तुकोबांचं स्वप्न शास्त्राबाहेरचं म्हणता येत नाही. मात्र कुलार्णव गुरूच्या पात्रतेबद्दल जितकं बोलतं तितकंच शिष्याच्या पात्रतेबद्दलही बोलतं. दासबोधातसुद्धा पाचव्या दशकात गुरुलक्षणाला लागून लगेच शिष्यलक्षणाचा समास आहे. रविवारच्या शिबिरात शिष्याची पात्रता म्हणजे यूपीआय चालू असणं.

कासवछाप
माझी अखेर कुणीतरी दखल घेतली. मंत्रपुष्प, मग कासवाची अंगठी घातली तर वेधदीक्षा होते का? आमच्या ऑफिसात निम्म्या बोटांवर कासवं आहेत. एचआरवालीने तोंड कुठल्या दिशेला असावं यावर मेल पाठवली होती.

माळकरी
मंत्रपुष्प, संतांच्या वाङ्मयात कासवी पिल्लांना नजरेने पोसते. कूर्मदृष्टी. ध्यानाने नाही.

मंत्रपुष्प
बरोबर, मराठी संतांकडे नजर आहे. कुलार्णवात नजर मासोळीची आणि ध्यान कासवीचं. दोन्ही पाठ चालत आलेले आहेत.

तर्कटबुवा
दोन्ही पाठ चुकीचे. कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर जाऊन बघा. कासवी रात्री किनाऱ्यावर येते, खड्डा करते, अंडी घालते, वाळू लोटते आणि समुद्रात निघून जाते. पिल्लं बाहेर येतात तेव्हा आईचा पत्ता नसतो. ना नजर, ना ध्यान.

मंत्रपुष्प
आणि पिल्लं तरीही समुद्राकडेच चालत जातात, बुवा. आई दिसत नाही, कुणी शिकवलेलं नाही, तरी दिशा चुकत नाही. ज्याने हा दृष्टान्त रचला त्याने किनाऱ्यावर बसून हेच पाहिलं असणार.

तर्कटबुवा
क्षितिजाकडचा उजेड बघून चालतात. किनाऱ्यावर दिवे असले की चुकतात आणि मरतात. हवा तर हाही दृष्टान्त घ्या, रविवारच्या शिबिराला लागू पडेल.

ठाणे_स्लो
चक्क बुवा आणि मंत्रपुष्प यांचं एकमत. धाग्याला लॉक लावा.

लेणीवेडी
कासव आलंच आहे तर प्रतीकांकडे वळूया का? धाग्याचा तो भाग उपाशी राहिलाय.

आपल्याकडच्या शिवमंदिरांत गाभाऱ्याआधी फरशीत कोरलेलं कासव असतं. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातलं, अवयव आत ओढून घेणारं. ते तिथे आहे कारण पुढे जाण्याआधी तुम्ही तेच करायचं आहे. जागा आणि कृती ठरलेली आहे. तेच कासव अंगठीवर आलं की करायचं काहीच उरत नाही. श्रीयंत्राचं तसंच. चार त्रिकोण वर, पाच खाली, छेदून ४३ छोटे त्रिकोण, भोवती आठ आणि सोळा पाकळ्या, बाहेर भूपुर, म्हणजे चौकोनी तटबंदी. त्याची पूजा आवरणामागून आवरण चालते, प्रत्येक टप्प्यावर देवता आणि न्यास, म्हणजे मंत्र म्हणत अंगाला स्पर्श. ज्याला हा क्रम दिलेला नाही त्याच्यासाठी ती सुंदर भूमिती. सुंदर असण्याला माझी हरकत नाही. मी पाहायलाच जाते.

पण आपल्या दाराशी घारापुरी आहे आणि तिथे काय होतं हे मुंबईकरांना माहीत नसतं याचं वाईट वाटतं. बोटीतून उतरून, ताक पिऊन, माकडांपासून पिशवी वाचवत आपण वर जातो, उत्तरेकडून शिरतो, समोर साडेपाच मीटरच्या आसपास उंचीची ती तीन मुखं दिसतात. गाईड म्हणतो ब्रह्मा, विष्णू, महेश. तसं नाही ते. तो पंचमुखी सदाशिव आहे. मधला शांत तत्पुरुष. आपल्या डाव्या हाताला मिशीवाला, हातात नाग धरलेला, रागीट अघोर. उजव्या हाताला कमळ घेतलेला वामदेव, चेहरा बाईसारखा कोवळा. चौथं मुख मागे दगडात आहे असं मानायचं, पाचवं वर, दिसत नाही. शिल्पीने तीन कोरली आणि दोन पाहणाऱ्यावर सोडली.

पूर्वेकडून शिरलात तर सदाशिव समोर येतच नाही. समोर सरळ लिंगाचा गाभारा येतो, चारही बाजूंनी दारं असलेला, प्रत्येक दाराशी दोन असे आठ प्रचंड द्वारपाल. मूर्ती, कथा, लग्न, नृत्य, अंधकवध हे सगळं भिंतींवर आणि मधोमध ज्याला चेहराच नाही ते. हे लेणं पाशुपत या जुन्या शैव पंथाशी जोडलं जातं. कमळावर बसलेला योगी तिथे आहे, तो लकुलीश, म्हणजे त्या पंथाचा आद्य गुरू, मानतात. जोगेश्वरीच्या लेण्यातही लकुलीश आहे, शिष्यांसह. मजलाराव, तुम्ही गोरेगावात राहता ना? मधलं राम मंदिर सोडलं की जोगेश्वरीच. सहाव्या शतकात तुमच्यापासून दोन स्टेशनांवर दीक्षा चालू होती.

सातवामजला
लेणीवेडीताई, कडक. पाशुपतांच्या दीक्षेबद्दल अजून लिहा ना.

लेणीवेडी
पाशुपतसूत्रांत साधनेचे टप्पे आहेत. पहिल्यात साधक मंदिराच्या आवारात राहतो, भस्मात स्नान करतो, भस्मात झोपतो, देवापुढे हसतो, नाचतो, बैलासारखा हुंकारतो. अंगावर पंथाच्या खुणा असतात. दुसरा टप्पा भन्नाट आहे. खुणा लपवायच्या आणि लोकांत जायचं. तिथे मुद्दाम वेड्यासारखं वागायचं: झोप लागल्याचं सोंग करायचं, अंग थरथरवायचं, लंगडायचं, काहीबाही बरळायचं. लोकांनी हिणवलं पाहिजे. जो उगाच अपमान करतो त्याचं पुण्य साधकाकडे येतं आणि साधकाचं पाप त्याच्याकडे जातं, असा हिशोब.

ठाणे_स्लो
झोपेचं सोंग? ८:१२च्या फास्टमध्ये म्हातारी माणसं चढली की निम्मा डबा पाशुपत होतो.

कासवछाप
आणि डोंबिवलीला उभ्या उभ्या अंग थरथरतं. तिसरा टप्पा कोणता?

लेणीवेडी
निर्जन गुहेत एकटं राहणं. मुंबईत तेवढं बजेट कुणाचं नसतं.

थट्टा सोडा, पण विचार करा. दीक्षा घेतलेला माणूस इथे आपली दीक्षा लपवतो आणि मान मिळू नये म्हणून धडपडतो. आजच्या प्रोफाइलवर तर नावाआधीच 'दीक्षित साधक' लागतं.

हिंदू कॉलनी
मी वाचनमात्र असते, पण मुंजीचं कुणीच काढलं नाही म्हणून लिहिते. आपल्यातली सगळ्यात जुनी दीक्षा तीच ना? माझ्या मुलाची दादरला हॉल घेऊन केली. मातृभोजन, होम, उपरण्याखाली वडिलांनी कानात गायत्री सांगितली तो क्षण खरंच चांगला होता, खोटं कशाला बोलू. सगळा हॉल गप्प होता. मग जेवणं, आइस्क्रीम, आणि चिरंजीवांनी संध्या पुन्हा केली नाही. जानवं आता देव्हाऱ्यातल्या डबीत आहे. आमच्या सासऱ्यांच्या जानव्याला कपाटाची किल्ली असायची, निदान रोज हात तरी लागायचा.

शेजारच्या पारसी कॉलनीतल्या मैत्रिणीच्या मुलीचा नवजोत, म्हणजे पारशांचा दीक्षाविधी, पाहिला. तिथे मुलीलाही तोच विधी आणि तेच धागे. सदरा आणि कस्ती. कस्ती मेंढीच्या लोकरीची, ७२ धाग्यांची, यस्ना या त्यांच्या धर्मग्रंथाच्या ७२ अध्यायांसाठी. कमरेला तीन वेढे. सदऱ्याला छातीवर एक इवलासा खिसा असतो, सत्कर्मं साठवायला. मला वाटलं होतं समारंभ झाला की संपलं, पण ती मुलगी आता कॉलेजात आहे आणि सकाळी अंघोळीनंतर कस्ती सोडून, प्रार्थना म्हणत पुन्हा बांधते. मिनिटा-दोन मिनिटांचं काम. मजलाराव, साखळी आमचीही तुटलेली नव्हती हो. वडिलांकडून मुलाकडे, थेट. तरी डबीत गेली.

माळकरी
ताई, लाख बोललात.

तर्कटबुवा
+१. आणि मुलींची मुंज ज्ञान प्रबोधिनीवाले पुण्यात करतात, तेही नोंदवून ठेवतो. ती साखळी कुठून आली असं कुणी विचारलं तर उत्तर सोपं आहे, कुणीतरी सुरू केली. सगळ्या साखळ्यांना पहिली कडी असते.

निळी पहाट
पहिल्या कडीचा विषय निघाला म्हणून आले. इथे परंपरेबद्दल सगळे फार मायेने बोलताय. या साखळीत माझ्या पणजोबांना कुणी घेतलं नसतं. कानात मंत्र राहू द्या, देवळाच्या पायरीवर उभं केलं नसतं. तुमच्या त्या गेनाँने याचा विचार केलाय का?

१४ ऑक्टोबर १९५६, नागपूर. बाबासाहेबांनी आधी स्वतः कुशीनगरचे भिक्खू चंद्रमणी महास्थविर यांच्याकडून त्रिशरण-पंचशील घेतलं. म्हणजे परंपरेला वळसा घातला नाही. आणि मग वळून समोरच्या लाखोंना स्वतः धम्मदीक्षा दिली, २२ प्रतिज्ञा दिल्या. चीवर नाही, संन्यास नाही, पांढऱ्या पोशाखातला आजारी गृहस्थ. लोकांनी उभं राहून मोठ्याने म्हटलं. पुढे दोन महिन्यांच्या आत दादरच्या चौपाटीवर त्यांच्या अंत्यसंस्काराच्या वेळीच भदंत आनंद कौसल्यायन यांनी जमलेल्यांना दीक्षा दिली. माझी आजी त्या गर्दीत होती. घरी आली आणि देव्हाऱ्यातले सगळे टाक काढले. रडली आणि काढले, असं आई सांगते. सातवामजला, दीक्षेने माणूस बदलतो का, हे तुम्ही विचारताय. आमच्या घरात सगळे बदलले. गुपचूप कानात सांगून हे झालं नसतं.

सातवामजला
निळी पहाट, गेनाँने याचा विचार केला नाही. तो वर्णव्यवस्थेचं समर्थनच करतो, आणि तिथे मी त्याच्यासोबत नाही. तुम्ही लिहिलंत त्यात एक गोष्ट मात्र माझ्या प्रश्नाला थेट लागते: बाबासाहेबांनी आधी घेतलं, मग दिलं. ते न घेताही जाहीर करू शकले असते.

निळी पहाट
हो. ते आधी घेणं महत्त्वाचंच होतं. पण त्यांनी ते दोन-चार निवडक शिष्यांपुरतं ठेवलं नाही, हेही तेवढंच.

मंत्रपुष्प
रामानुजांची कथा आठवली. गुरूने गुप्त ठेवायला सांगितलेला मंत्र त्यांनी गोपुरावर चढून सगळ्यांना ओरडून सांगितला. गुरू म्हणाले नरकात जाशील. ते म्हणाले, मी एकटा जाईन, हे सगळे तरतील.

माळकरी
आणि आमच्या बहिणाबाई, शिऊरच्या. ब्राह्मणाघरची बाई, तुकोबांना गुरू मानलं, उपदेश स्वप्नातच झाला. नवऱ्याने काय केलं ते त्यांच्या अभंगांत आहे.

निळी पहाट
मारलं असं लिहा ना सरळ, माळकरी काका.

माळकरी
मारलं. पुढे तोच नवरा त्यांना घेऊन देहूला आला.

जुना खेतवाडीकर
म्हाताऱ्याची दोन वाक्यं. तुमच्या फ्रेंच साहेबाला पाहिजे ते सगळं आमच्या गल्लीत होतं आणि गल्लीला पत्ता नव्हता. निसर्गदत्त महाराज. खेतवाडीत राहायचे, विड्यांचं दुकान होतं. इंचगिरी संप्रदाय, भाऊसाहेब महाराज, त्यांचे शिष्य सिद्धरामेश्वर, त्यांचे हे. सिद्धरामेश्वर १९३६ साली गेले, म्हणजे गुरूचा सहवास फार तर तीनेक वर्षांचा.

१९७३ साली इंग्रजी पुस्तक निघालं आणि मग गोऱ्यांची रांग. आम्ही पोरं त्यांना घर दाखवायचो. वर माळ्यावर जायला उभा शिडीसारखा जिना, उंच माणसं हमखास डोकं आपटायची आणि आम्ही हसायचो. महाराज मराठीत बोलायचे, तिखट, कोणीतरी इंग्रजी करायचं. विडी चालू. आता इंटरनेटवर त्यांची वाक्यं फिरतात, समुद्राच्या फोटोवर लिहिलेली, 'मी आहे' एवढंच धरून बसा वगैरे. पण आम्हाला खाली काय ऐकू यायचं? झांजा. रोज भजन, तेही दिवसातून अनेकदा. गुरूच्या तसबिरीला हार. मागणाऱ्याला नाममंत्र देत. वाक्यं जगभर गेली आणि झांजा खेतवाडीतच राहिल्या. १९८१ साली गेले.

आमचा भाग पहिल्यापासून असाच. ब्लाव्हाट्स्की बाई आणि कर्नल ऑल्कॉट १८७९ साली मुंबईत उतरले ते गिरगावातच राहिले. थिऑसॉफीवाले, सगळ्या धर्मांमागचं गूढ ज्ञान शोधणारी मंडळी.

सातवामजला
काका, गेनाँने १९२१ साली थिऑसॉफीवर अख्खं टीकेचं पुस्तक लिहिलंय. अदृश्य महात्म्यांची पत्रं, गुप्त गुरू, हे सगळं बनावट परंपरेचं उदाहरण म्हणून. ऑनलाइन शक्तिपाताचे पूर्वज तेच, असं मला वाटतं.

झांजांचा मुद्दा मात्र मी उतरवून घेतलाय.

तर्कटबुवा
थिऑसॉफीला एवढंही झोडू नका. त्या मंडळींमुळे कित्येक शिकलेल्या लोकांनी आपलेच ग्रंथ पहिल्यांदा उघडले.

माहीमकर
सूफी शब्द पहिल्याच पोस्टमध्ये आला आणि माहीमचं नाव अजून नाही? मखदूम फकीह अली माहिमी, १३७२ ते १४३१. पोर्तुगीज यायच्या आधीचं माहीम. कुराणावर अरबीत भाष्य लिहिलं, इब्न अरबी या सूफी विचारवंताच्या 'अस्तित्व एकच' या विचाराचे जाणकार. गेनाँला जवळचा वाटला तोच विचार. डिसेंबरात उरूस भरतो, पहिला संदल, म्हणजे चंदनाची मिरवणूक, मुंबई पोलिसांचा, खाकीतले अधिकारी डोक्यावर ताट घेऊन येतात.

साखळीबद्दल: आमच्या खालच्या मजल्यावरचे चाचा मुरीद आहेत, म्हणजे पीराचे शिष्य. त्यांच्याकडे शजरा आहे, म्हणजे पीराकडून मागे मागे थेट पैगंबरांपर्यंत नावांची यादी. लॅमिनेट केलेली, भिंतीवर. रोज फजरनंतर, पहाटेच्या नमाजानंतर, वाचतात. विचारलं तर म्हणाले, बैअत म्हणजे हात हातात देणं, आणि ज्यांच्या हातातून हा हात आला त्यांची नावं विसरायची नाहीत. हिंदू कॉलनीताईंच्या कस्तीसारखंच, रोज काहीतरी करायचं असतं.

हिंदू कॉलनी
मग आमच्याकडे चुकलं कुठे, हा वेगळा धागा काढावा लागेल.

ठाणे_स्लो
काढू नका. तिथेही बुवा येतील.

सातवामजला
शंभरी गाठायच्या आत माझं सांगतो.

साखळी तपासायची हा माझा आग्रह कायम आहे. वंशावळ सांगता येत नाही अशाकडे मी जाणार नाही. पण या धाग्यावर ज्यांच्या घरी दीक्षा खरोखर लागली असं वाटतं, आजोबांची माळ, मैत्रिणीच्या मुलीची कस्ती, चाचांचा शजरा, निळी पहाट यांच्या आजी, तिथे प्रत्येक ठिकाणी काहीतरी रोजचं किंवा कायमचं करायचं होतं, नाहीतर सोडायचं होतं. शिबिराच्या निमंत्रणात सोडायचं काय हे कुठेच नव्हतं, २१०० सोडून. तेव्हा माळकरी, मी आधी एक वर्ष एकादशी आणि हरिपाठ धरतो. टिकलो तर तुमच्या फडावर यायचं म्हणतो. चालेल?

तर्कटबुवा
आधी नियम आणि मग दीक्षा. हा क्रम तुमच्या गेनाँला चालतो का?

सातवामजला
तो कैरोत आहे. मी गोरेगावात.

माळकरी
न चालायला काय झालं? आमच्याकडे बहुतेकांचं तसंच होतं. फक्त वर्ष म्हणून मोजू नका, येणारी एकादशी धरा. साबुदाणा खाऊन ॲसिडिटी होत असेल तर भगर आणि शेंगदाण्याची आमटी. आषाढीला पंढरपूर जमलं नाही तर वडाळ्याच्या विठ्ठलाला जाऊन या, पहाटे लवकर, नाहीतर रांग फार लांब जाते. आणि फडावर आलात की महाराज पहिला प्रश्न विचारतील तो घरच्यांना विचारलंय का. मटण बंद करायचं म्हणजे स्वयंपाकघराचा प्रश्न असतो.

सातवामजला
बायकोने हा धागा वाचलाय. तिचं म्हणणं, एकादशी कर, पण मला साबुदाणा भिजवायला सांगू नकोस.

हिंदू कॉलनी
वहिनींना माझा पूर्ण पाठिंबा.

लेणीवेडी
एवढं बोललो तर घारापुरीचा एक कट्टा करूया का? सदाशिव नीट दाखवते, पूर्वेच्या बाजूने नेते. गेटवेवरून पहिल्या बोटीने. बुवा, तुम्हीसुद्धा.

तर्कटबुवा
येतो. शिल्पाबद्दल माझं भांडण नाहीच. श्रावणी सोमवार ठेवा, ऑफिसला दांडी मारायला कारण बरं मिळेल.

लेणीवेडी
सोमवारी लेणी बंद असतात, बुवा.

तर्कटबुवा
शंकराच्या वारी? कुणाच्या डोक्यातून आलं हे?

कासवछाप
पुरातत्त्व खात्याला दीक्षा मिळालेली नाही. रविवार ठेवा, दहा ते बारा तसेही सगळे मोकळे आहोत.